बीच व्हॉलीबॉलमध्ये चॅम्पियनचं करिअर नेमकं कशावर उभं राहतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलगी १७ वर्षांची आहे, शाळेपासून इनडोअर खेळते, उंची आहे, स्मॅश जोरात बसतो, आणि आता अमेरिकेच्या ऑलिंपिक चॅम्पियन केरी वॉल्श जेनिंग्जच्या जुन्या मॅचेस बघून बीच व्हॉलीबॉलच खेळायचं म्हणते, तर तिथे वरपर्यंत जाणाऱ्या खेळाडूचं करिअर असतं तरी कसं, किती वर्षांचं, आणि त्यासाठी इनडोअर आत्ताच सोडावं का. मी दोन्ही खेळलोय आणि बरीच वर्षं जोड्यांना कोचिंग करतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चालवून घ्या.

पहिली गोष्ट बऱ्याच पालकांना आवडत नाही, पण सांगतोच. या खेळात स्मॅशवर करिअर होत नाही, स्मॅश वरच्या लेव्हलला सगळ्यांनाच येतो. करिअर होतं ते पार्टनरवर, म्हणजे कोणाला घेता, कधी घेता, कधी सोडता, आणि दोघींपैकी समोरच्यांनी ठरवून तुमच्यावरच सर्व्हिस टाकायला सुरुवात केली की तुम्ही किती वेळ तग धरता यावर. फिटनेस, उंची, पैसा, नशीब हे सगळं आहेच, पण ते शेवटी इथेच येऊन मिळतं.

इनडोअरमध्ये सहा जणी असतात, एखादीचं रिसिव्ह बिघडलं तर लिबरो (फक्त मागे डिफेन्स करणारी खेळाडू) थोडी जास्त जागा घेते, अगदीच नाही जमलं तर कोच बाहेर बसवतो, पाणी पिऊन डोकं शांत करून परत येता येतं. वाळूवर असलं काही नाही. ८ बाय ८ मीटरचं अर्धं कोर्ट, त्यात दोघीच, बदली खेळाडू नाही, आणि कित्येक वर्षं तर मॅच चालू असताना कोचने बोलायचंही नाही असा नियम होता. समोरची जोडी पहिल्या पाच-सात सर्व्हिसमध्ये अंदाज घेते की आज कोणाचा हात डळमळतोय आणि मग उरलेली मॅच तिच्याच अंगावर. यात कपट वगैरे काही नाही, मी पण माझ्या जोड्यांना हेच सांगतो. आणि जिने रिसिव्ह केलं तिलाच स्मॅश मारायचा असतो कारण सेट, म्हणजे मारण्यासाठी वर उचलून दिलेला बॉल, पार्टनर देणार, म्हणजे वाकून रिसिव्ह, उठून वाळूतून पळणं, उडी, फटका, बॉल परत आला तर मागे धाव, आणि रॅली संपल्यावर जास्तीत जास्त १२ सेकंदांत पुढची सर्व्हिस परत तुमच्यावरच. पार्टनर तोवर तशी ताजीच असते.

एक बॉल जवळून बघा म्हणजे कळेल. सर्व्हिस करणारीच्या तोंडावर वारा असला की फ्लोट, म्हणजे न फिरता येणारा बॉल, जास्त नाचतो आणि नेट ओलांडल्यावर एकदम खाली बसतो. तो तुम्ही गुडघ्यात वाकून घेतला. इनडोअरसारखा नेटला चिकटवून द्यायचा नसतो, आपल्याच पुढे, नेटपासून दीड-दोन मीटर अलीकडे, फार उंच नाही, कारण पार्टनर कोर्टाच्या दुसऱ्या बाजूने धावत येणार आहे आणि बॉल जितका कमी वेळ हवेत तितका वाऱ्याचा त्रास कमी. तिने सेट दिला. सेट हातातून सुटला की तिने बॉलकडे बघायचं थांबवायचं, नेटपलीकडे डिफेन्सवाली कुठे सरकली ते बघायचं आणि ओरडायचं, "लाइन!" किंवा "क्रॉस!", म्हणजे बाजूच्या रेषेलगतची की तिरकी, कुठली जागा मोकळी आहे. हे तुमच्या कानावर येतं तेव्हा तुम्ही जमीन सोडलेली असते, डोळे बॉलवर असतात, खात्री करून घ्यायला वेळच नसतो, त्या आवाजावर विश्वास ठेवून हात फिरवायचा. हा आवाज दोन-तीनदा चुकला की खेळाडू ऐकणं बंद करते, स्वतःच चोरून बघायला लागते, आणि मग फटका उशिरा बसतो किंवा नेटमध्ये जातो. नवीन जोडी बघायला गेलो की मी बॉलकडे कमी आणि या ओरडण्याकडे जास्त लक्ष देतो, कोण ओरडतंय, किती लवकर, आणि दुसरी ऐकतेय का.

सर्व्हिस आपली असते तेव्हा बोलणं उलट्या बाजूने चालतं. नेटवरची ब्लॉकर, म्हणजे उडी मारून हातांनी समोरचा फटका अडवणारी, पाठीमागे हात धरून बोटं दाखवते, एक बोट म्हणजे लाइन ब्लॉक करणार, दोन म्हणजे क्रॉस, मूठ म्हणजे ब्लॉकला जाणारच नाही, मागे सरकून डिफेन्स करणार, आणि दोन हात म्हणजे समोरच्या दोघींसाठी वेगवेगळी खूण. मागची त्यावरून आपली जागा ठरवते. टीव्हीवर हे सारखं दिसतं पण लोकांना वाटतं स्टाईल आहे.

आता तुमच्या मुलीच्या हिरॉइनकडे येतो. केरी आधी इनडोअरचीच, स्टॅनफर्डकडून खेळली, २००० च्या सिडनी ऑलिंपिकला अमेरिकेच्या इनडोअर टीममध्ये होती, चौथ्या आल्या. मिस्टी मे त्याच ऑलिंपिकला बीचवर दुसऱ्या पार्टनरबरोबर खेळली आणि मेडल नाही मिळालं. २००१ पासून या दोघी एकत्र आल्या आणि मग २००४ अथेन्स, २००८ बीजिंग, २०१२ लंडन, तिन्ही गोल्ड, मधे २००३, २००५, २००७ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, आणि २००७-०८ मध्ये सलग ११२ मॅचेस जिंकल्या. तीन ऑलिंपिक मिळून त्यांनी फक्त एक सेट गमावला, तोही लंडनला, ऑस्ट्रियाच्या श्वाइगर बहिणींविरुद्ध. लोक याचं श्रेय केरीच्या ब्लॉकला आणि फटक्याला देतात. माझ्या मते अर्ध्याहून जास्त श्रेय मिस्टीचं, उंची १.७५ मीटर फक्त, पण सेट इतका नेमका की केरीला हवेत कधी ॲडजस्ट करावंच लागत नव्हतं, आणि मागे डिफेन्सला ती जिथे बॉल पडणार तिथे आधीच उभी असायची.

लंडननंतर मिस्टी रिटायर झाली. केरीने नवीन पार्टनर घेतली एप्रिल रॉस, जिला तिने लंडनच्याच फायनलमध्ये हरवलं होतं, आणि दोघी रिओला गेल्या. तोवर केरी बीचवर ऑलिंपिकची एकही मॅच हरली नव्हती, सलग २६ जिंकलेल्या. सेमीफायनलला कोपाकबानावर ब्राझीलच्या आगाथा आणि बार्बरा समोर होत्या, आणि त्यांनी काय केलं तर सरळ केरीवर सर्व्हिस टाकत राहिल्या. तीन गोल्डवाली, नुकतीच ३८ पूर्ण झालेली, २०१५ मध्ये खांदा निखळून ऑपरेशन झालेली. तिचं रिसिव्ह तुटलं, सरळ एस गेले (सर्व्हिसवरच थेट पॉइंट), दोन सेटमध्ये मॅच संपली, २२-२०, २१-१८. मुलीला हायलाइट्स नको, ती पूर्ण मॅच दाखवा. आणि मग ब्राँझची मॅचही दाखवा, लारिसा आणि तालिता समोर, पहिला सेट १७-२१ गेला आणि तिथून २१-१७, १५-९. सेमीफायनलच्या रिसिव्हचं भूत डोक्यावर असताना इतक्या लवकर हे करणं मला तिच्या एखाद्या गोल्डपेक्षा जास्त भारी वाटतं, हे माझं वैयक्तिक मत.

पार्टनर बदलणं इथे वाईट समजलं जात नाही, पण त्याचं गणित फार किचकट आहे आणि ते कोणी समजावून सांगत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एंट्री आणि सीडिंग (ड्रॉमधला मानाचा क्रम) मिळताना दोघींचे वैयक्तिक पॉइंट्स एकत्र धरतात. म्हणजे नवीन मुलगी कितीही चांगली असली तरी तिचे पॉइंट्स शून्य असतील तर तिच्याबरोबर खेळणाऱ्या सीनियरला पण खालच्या स्पर्धांपासून सुरुवात करावी लागते, क्वालिफायर खेळावा लागतो, आणि तिथे हरलं की मेन ड्रॉ न खेळताच सामान बांधायचं. म्हणून सीनियर खेळाडू ज्युनियरला सहजासहजी घेत नाही. ऑलिंपिकच्या रँकिंगला पुन्हा वेगळंच, तिथे त्याच जोडीने एकत्र मिळवलेले पॉइंट्स धरतात, टोकियो आणि पॅरिसला सर्वोत्तम १२ निकालांवर हिशोब होता, एकूण २४ जोड्या आणि एका देशाच्या जास्तीत जास्त दोन. मग ऑलिंपिकच्या आधी दीड-दोन वर्षं जोडी तोडणं म्हणजे जुगार, आणि न तोडणं हा पण जुगारच. केरीचंच बघा, रिओनंतर एप्रिलबरोबर जोडी तुटली, मग ब्रूक स्वेटबरोबर टोकियोसाठी प्रयत्न केला, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात अमेरिकेच्याच क्लेस आणि स्पॉन्सिल पुढे निघून गेल्या. जगातल्या चांगल्या जोड्यांमध्ये असूनही देशाच्या दोनमध्ये नाही, म्हणून घरी.

आणि एप्रिल? तिने २०१७ च्या शेवटी ॲलिक्स क्लाइनमनला पार्टनर घेतली. ॲलिक्स १.९६ मीटर उंच, इटली आणि ब्राझीलमध्ये प्रोफेशनल इनडोअर खेळलेली, बीचवर मात्र त्याच वर्षी आलेली, म्हणजे वाळूवर जवळजवळ नवखी. तेव्हा मला पण वाटलं होतं की ३५ वर्षांच्या एप्रिलने हे काय घेतलं डोक्यावर. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये दोघींनी ऑस्ट्रेलियाच्या जोडीला २१-१५, २१-१६ हरवून गोल्ड घेतलं. एप्रिलची मेडल्स मोजा, २०१२ ला जेनिफर केसीबरोबर सिल्व्हर, २०१६ ला केरीबरोबर ब्राँझ, मग ॲलिक्सबरोबर गोल्ड. तीन ऑलिंपिक, तीन पार्टनर, तीन रंग. ब्राझीलच्या इमॅन्युएलचं तर अजून पुढे, वर्ल्ड चॅम्पियनशिप तीन, १९९९, २००३ आणि २०११, तिन्ही वेगवेगळ्या पार्टनरबरोबर, आणि ३९ व्या वर्षी लंडनला सिल्व्हर. त्याला मी या खेळातला सगळ्यात शहाणा खेळाडू मानतो, कारण स्वतःचा खेळ उतरायला लागायच्या आधीच तो पुढचा ब्लॉकर हेरून ठेवायचा.

उलटी उदाहरणंही आहेत. पॅरिस २०२४ ला गोल्ड घेतलेल्या ब्राझीलच्या आना पॅट्रिसिया आणि डुडा २०१४ च्या यूथ ऑलिंपिकला एकत्र जिंकल्या होत्या, नंतर वेगळ्या झाल्या, टोकियोला वेगवेगळ्या पार्टनरबरोबर खेळल्या, २०२२ ला परत एकत्र आल्या आणि त्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियन. नॉर्वेचे मोल आणि सोरम मात्र तरुण वयात एकत्र आले ते पुढे सुटलेच नाहीत, टोकियोचं गोल्ड, २०२२ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, पॅरिसला ब्राँझ. अँडर्स मोलची आई स्वतः १९९६ ला अटलांटात खेळलेली, वडील कोच, त्यामुळे त्याला घरातच सगळं मिळालं, हे पण लक्षात ठेवा, सगळ्यांना तसं नाही मिळत.

उंचीबद्दल फार चर्चा होते म्हणून दोन वाक्यं. ब्लॉकर उंच लागतो, नेट पुरुषांचं २.४३ आणि बायकांचं २.२४ मीटर, इनडोअरइतकंच. पण दुसरा खेळाडू उंचच हवा असं नाही, रिओचं गोल्ड घेणारा ब्रुनो श्मिट १.८५ मीटर, त्याच्या पुढे ब्लॉकला दोन मीटरपेक्षा उंच ॲलिसन. शिवाय बीचवर ब्लॉकला लागलेला बॉल पहिला टच धरतात, इनडोअरसारखा फुकट नाही, म्हणजे ब्लॉकला लागून मागे आलेला बॉल मागच्याला थेट सेट करण्यासारखाच उचलावा लागतो. ही कला उंचीने येत नाही. आणि पॅरिसला जिंकलेल्या स्वीडनच्या ओमान आणि हेलविगने तर गणितच फिरवलं, दोघंही राक्षसी उंच नाहीत, पण दुसऱ्या टचला उडी मारून जातात आणि तिथूनच कधी सेट देतात कधी मारतात, समोरच्या ब्लॉकरला शेवटपर्यंत कळत नाही. आता सगळे ज्युनियर तेच करायला बघतात, पास धड नसताना सुद्धा, ते वेगळं.

इनडोअरवरून आलेल्यांचा पहिला महिना फार वाईट जातो. गादीवर उभं राहून उडी मारून बघा, तसं होतं. इनडोअरला पुढे झेप घेत उडी मारायची सवय असते, वाळूत पाय रुततो, जोर खालीच जिरतो, त्यामुळे उडी सरळ वर घ्यावी लागते आणि बॉलखाली उशिरा पोचायला शिकावं लागतं. नवीन मुली बॉलच्या आधीच हवेत जाऊन येतात, बघून हसू येतं. बॉल पण वेगळा, किंचित मोठा आणि हवा बरीच कमी, ०.१७५ ते ०.२२५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर, इनडोअरला ०.३० ते ०.३२५ असते, म्हणून वाऱ्यावर तो जास्त भरकटतो. हाताची बोटं उघडी ठेवून नेटवरून हलकी टिप टाकायची इनडोअरची सवय इथे फाऊल आहे, बोटं मुडपून पेरांनी ढकलावा लागतो. बोटांनी सेट देताना जरा दोनदा लागला की शिट्टी, म्हणून सुरुवातीला अंडरहँडच सेट द्या म्हणतो मी. हे सगळं अंगात मुरायला दोन सीझन तरी जातात, आणि पहिल्या सीझनला आपल्यापेक्षा बुटक्या, हळू, वयाने मोठ्या जोड्यांकडून हरावं लागतं. इनडोअरची स्टार मुलगी इथेच सोडून जाते बहुतेक वेळा.

किती वर्षांचं करिअर, तर शरीर सांभाळलं तर इनडोअरपेक्षा लांब. वाळूवर गुडघ्याला उडीचा मार कमी बसतो. कार्च किराली, १९८४ आणि १९८८ ला इनडोअर गोल्ड, मग १९९६ ला केंट स्टेफ्सबरोबर बीचचं पुरुषांचं पहिलंवहिलं ऑलिंपिक गोल्ड, दोन्हीचं गोल्ड असलेला आजवरचा एकटाच, तो ४४ व्या वर्षी अमेरिकेतली प्रो टूर्नामेंट जिंकला. पण हे अपवाद. खांदा हा खरा शत्रू आहे, कारण दोघींनाच सगळ्या सर्व्हिस, सगळे फटके. खांद्याच्या पाठीमागे पाखावर, म्हणजे तिथल्या सपाट हाडावर, एक स्नायू असतो, तिथली नस ओढली जाऊन तो हळूहळू वाळत जातो, व्हॉलीबॉलवाल्यांमध्ये हे कॉमन आहे आणि दुखत नसल्यामुळे कळतच नाही. महिन्यातून एकदा मुलीला पाठमोरी उभी करून दोन्ही पाखांची तुलना करा, मारणाऱ्या बाजूला खळगा दिसला तर फिजिओ, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी. जर्मनीच्या रेकरमनने लंडनचं गोल्ड घेतलं आणि काही महिन्यांत पाठीमुळे खेळ सोडला, रिओची गोल्डवाली वाल्केनहॉर्स्ट २०१७ ला वर्ल्ड चॅम्पियन झाली आणि २०१९ च्या सुरुवातीला दुखापतींमुळे रिटायरमेंट जाहीर केली. आणि अशा वेळी तुमचं शरीर बरं असून पण तुमचं करिअर थांबतं, कारण पार्टनर नाही.

पैशाचं पटकन सांगतो. बक्षीस अर्धं-अर्धं होतं, प्रवास, कोच, फिजिओ बहुतेकांचा स्वतःचा, आणि वरच्या मोजक्या जोड्या सोडल्या तर स्पॉन्सर किंवा फेडरेशनशिवाय निघत नाही. टूरवर पण भरवसा नाही, अमेरिकेची इतकी मोठी एव्हीपी टूर २०१० ला भर सीझनमध्ये बंद पडली होती. शिक्षण चालू ठेवा, एवढंच.

आता इनडोअर सोडावं का. नको, आत्ता नको. केरी, किराली, ॲलिक्स, तिघेही इनडोअर वरच्या लेव्हलपर्यंत खेळले. पण एक अट आहे. उंच मुलीला इनडोअरचे कोच बहुतेक मिडल ब्लॉकर करतात, आणि मिडलवाली मागच्या रांगेत गेली की तिच्या जागी लिबरो येते. म्हणजे ती मुलगी वर्षानुवर्षं सर्व्हिस रिसिव्हच करत नाही, सेट देत नाही, डिफेन्स करत नाही, आणि २१ व्या वर्षी वाळूवर आली की समोरच्या जोडीला पहिल्या दोन मिनिटांत कळतं सर्व्हिस कोणावर टाकायची. तुम्ही तिची पोझिशन लिहिली नाहीये. मिडल असेल तर कोचशी बोला, आउटसाइडला, म्हणजे कडेने मारणारीच्या जागी, खेळवा म्हणा, मॅचमध्ये नाही तर निदान प्रॅक्टिसला रोज रिसिव्ह द्या म्हणा, आणि इनडोअरचा सीझन संपला की उरलेले महिने वाळूवर घालवू दे, वेगवेगळ्या पार्टनरबरोबर, लगेच एकच धरून बसायला नको. कोच ऐकत नसेल तर क्लब बदला, खेळ बदलू नका.